नाजूक मनाच्या गिऱ्हाइकांनी क्षमा करावी

जपानी माणूस जुनी वस्तू विकायला काढतो तेव्हा तो जाहिरात करत नाही, कबुलीजबाब देतो. पंचवीस वर्षांपूर्वीची गाण्यांची एक सीडी. किंमत आपल्या हिशेबानं दोन वडापाव आणि एक चहा. तिच्याखालचा मजकूर मात्र खरेदीखताएवढा. डबीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे खाली, उजेडात तिरकी धरली तर दिसेल असा केसाएवढा ओरखडा आहे. आतल्या पुस्तिकेच्या चौथ्या पानाला किंचित बाक आला आहे. तबकडी एकदा वाजवून पाहिली, पण पाहणाऱ्याला गाण्यातलं विशेष कळत नाही. घरात कुत्रं-मांजर नाही. कुणी सिगारेट ओढत नाही. तरीसुद्धा ही वस्तू एका सामान्य माणसानं आपल्या सामान्य घरात सांभाळलेली आहे हे समजून घ्यावं, आणि नाजूक मनाच्या गिऱ्हाइकांनी कृपया खरेदी टाळावी.

हे शेवटचं वाक्य मी पदरचं घातलेलं नाही. घरातलं जुनं सामान विकणारे जपानी लोक ते सर्रास लिहितात. नाजूक मनाच्या माणसानं वाचलं तर तो आधी त्या विक्रेत्याचं सांत्वन करायला जाईल.

आमच्याकडच्या जुन्या बाजाराची रीत उलटी. छत्रपती संभाजीनगरात जाफर गेटला रविवारी आठवडी बाजार भरतो. भाजीपाल्यापासून तीन पायांच्या खुर्चीपर्यंत म्हणाल ते मिळतं. तिथल्या एका पथारीवरचा टेबलफॅन उचलून मी विचारलं, "चाचा, चालू है क्या?" चाचांना हा प्रश्न घराण्याच्या अब्रूवर आल्यासारखा लागला. म्हणाले, "साब, बंदच नै होता!" हे त्यांनी गुण म्हणून सांगितलं होतं. घरी आणल्यावर ते अक्षरशः खरं निघालं. बटण कुठंही फिरवा, पंखा आपला चालूच. तेव्हा चाचा खोटं बोलले असं म्हणता येत नाही. गुण कुठं संपतो आणि दोष कुठं सुरू होतो ते सांगायची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली नव्हती, इतकंच.

या दोन बाजारांच्या मधे, दौलताबादेत, किल्ल्याच्या पायथ्याशी आमचं घर आहे आणि त्या घरात माझी पुतणी आहे. तिला जपानी बँडच्या जुन्या सीड्या आणि त्यांचं इतर सामान मागवायचं वेड आहे. मागवायचं म्हणायचं, कारण दौलताबादच्या बाजारात ते मिळत नाही. दौलताबादच्या बाजारात सीताफळं मिळतात, पेरू मिळतात, किल्ला चढणाऱ्यांसाठी टोप्या आणि काकड्या मिळतात. वेरूळला निघालेल्या गाड्या वेशीच्या अरुंद दरवाजात अडकल्या की हे सगळं गाडीच्या काचेपर्यंत चालत येतं. जपानी सीडी अजून तशी आलेली नाही.

वेडाची सुरुवात वहिनींच्या डोळ्यांदेखत झाली. पुतणी लहान असताना टीव्हीवर शिनचॅन आणि डोरेमॉन हिंदीत बोलायचे, आणि वहिनी म्हणायच्या की त्या शिनचॅनपायी पोर बिघडेल. पोर बिघडली नाही, पण तिथून ती नारुतोकडे गेली, आणि त्या मालिकांच्या सुरुवातीला वाजणारी गाणी कुणाची हे शोधत शोधत एशियन कुंग-फू जनरेशनपर्यंत पोचली. हे एका जपानी बँडचं नाव आहे, कराटेच्या क्लासचं नव्हे. तिथून पुढं बंप ऑफ चिकन. हेही बँडचंच नाव. वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्या जपानी गदारोळातला 'चिकन' हा एकच शब्द त्यांना कळतो, आणि नेमका तोच कळावा याचं त्यांना फार वाईट वाटतं. गावात बातमी पसरली ती 'मास्तरांच्या घरी बँडचं सामान येतं' अशी. मास्तर म्हणजे माझा थोरला भाऊ. लग्नसराईत दोघातिघांनी येऊन कुठल्या तारखा रिकाम्या आहेत ते विचारलं. एकानं घोडाही लागेल म्हणून सांगितलं.

"अगं, हीच गाणी फोनवर ऐकू येतात ना?" मी तिला म्हटलं.

"काका, किल्लासुद्धा फोनवर दिसतो. तरी माणसं तिकीट काढून धापा टाकत वर जातातच की."

ती नोकरी करते, पैसे तिचे आहेत, त्यामुळं एवढ्यावर विषय संपला.

जपानमध्ये जुन्या सीड्यांचा एवढा ढीग कसा साचला, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की आता आलेल्या पाहुण्यांना मीच सांगतो. सीडी वाजवणारं यंत्र सोनीनं बाजारात पहिल्यांदा आणलं ते जपानमध्येच, १ ऑक्टोबर १९८२ ला. पुढची गंमत कायद्यानं केली. पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि गाण्यांच्या तबकड्या यांची किंमत कंपनीनं ठरवायची आणि दुकानदारानं ती मुकाट पाळायची, अशी सवलत तिथल्या कायद्यात १९५३ पासून आहे. नवा अल्बम साधारण ३,००० येनांचा, म्हणजे आपले दीड-पावणेदोन हजार रुपये. होक्काइदोत घ्या नाहीतर ओकिनावात, भाव तोच. सेल नाही, 'दोन घेतो, काहीतरी सोडा' नाही. ज्या देशात नव्या मालावर घासाघीस करता येत नाही तिथली सगळी हौस जुन्या बाजारात उतरणार, हे कुणीही सांगेल. त्यातून परदेशी बँडची सीडी बाहेरून आणलेली स्वस्त आणि जपानात छापलेली महाग, अशी तऱ्हा झाली. लोकांनी महागाची घ्यावी म्हणून कंपन्या जपानी आवृत्तीत एखाददुसरं गाणं जादा घालू लागल्या. त्या एखाददुसऱ्या गाण्यासाठी आज जगभरचे लोक जपानी दुकानं धुंडाळत असतात.

दुसरीकडं, १९८० मध्ये टोकियोजवळच्या मिताका इथं एका विद्यार्थ्यानं रेकॉर्डी भाड्यानं द्यायचं दुकान काढलं आणि ती कल्पना देशभर पसरली. आपण व्हीसीआर आणि सिनेमाच्या तीन कॅसेटी भाड्यानं आणून रात्र जागवायचो. ते लोक गाण्याची तबकडी आणायचे, रातोरात टेपवर उतरवून घ्यायचे आणि सकाळी परत करायचे. एवढं करूनही विकत घेणं थांबलं नाही. सीडीची विक्री तिथं १९९८ मध्ये शिगेला पोचली. पुढच्याच वर्षी उतादा हिकारू नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीचा पहिला जपानी अल्बम निघाला आणि त्याच्या ७५ लाखांहून जास्त प्रती खपल्या. आता एवढ्या घरांत शिरलेली वस्तू कधीतरी बाहेर पडणारच. मुलगी लग्न होऊन जाते, मुलगा नोकरीसाठी टोकियोला जातो, तिथला फ्लॅट आपल्या देवघराहून थोडाच मोठा असतो.

बाहेर पडलेल्या या मालाला घर मिळालं बुकऑफमध्ये. १९९० मध्ये सागामिहारा शहरात हे जुन्या पुस्तकांचं दुकान निघालं, आणि पुढं सीड्याही घेऊ लागलं. तोवर जुन्या पुस्तकांचा दुकानदार म्हणजे जाणकार माणूस. दुर्मीळ काय, पहिली आवृत्ती कुठली, सगळं त्याच्या जिभेवर. बुकऑफनं तो जाणकारच काढून टाकला. वस्तू ताजी दिसते की जुनाट, स्वच्छ की मळकी, एवढं बघायचं आणि भाव लावायचा. आत काय लिहिलंय किंवा काय वाजतंय याच्याशी कर्तव्य नाही. बरेच दिवस पडून राहिली की १०० येनांच्या फळीवर. हे धोरण मला मनापासून आवडलं. ते आपल्या साहित्य संमेलनाला लावलं तर कितीतरी मोठे लोक शंभराच्या फळीवर मिळतील. पुतणीसारख्या माणसांचं सगळं सुख त्या फळीवर अवलंबून आहे, कारण दुकानाला न कळलेलं रत्न तिथंच सापडतं.

ढिगाचं आणखी एक कारण आहे, ते मला सगळ्यांत जास्त आवडतं. एकेबी-४८ नावाचा गाणाऱ्या मुलींचा एक भलामोठा ताफा आहे. त्यांच्या सीडीबरोबर त्यांच्याशी हात मिळवायचं तिकीट मिळे. २००९ पासून तर ताफ्यात पुढं कुणी उभं राहायचं याची निवडणूक होऊ लागली आणि मतपत्रिका सीडीच्या डबीत. एक सीडी, एक मत. शंभर सीड्या, शंभर मतं. मतदार उघडउघड पैसे खर्चून मत देतो आणि त्याची पक्की पावती मिळते, इतका स्वच्छ कारभार मी ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत कुठं पाहिला नाही. मतं देऊन झाली की तबकड्यांचं करायचं काय, हा प्रश्न उरे. २०१७ मध्ये फुकुओका भागातल्या एका गृहस्थानं ५८५ सीड्या डोंगरात नेऊन टाकल्या आणि बेकायदा कचरा टाकल्याच्या प्रकरणात तो अडकला. ही गोष्ट मी आमच्या चौकात सांगितली तेव्हा डोंगरात कचरा टाकला म्हणून पोलीस येतात, यावरच कुणाचा विश्वास बसला नाही. सीड्यांचा मुद्दा मागंच राहिला.

जुनी सीडी घेताना बघायची पहिली गोष्ट म्हणजे पट्टी. डबीच्या कण्याला कागदाची एक उभी पट्टी गुंडाळलेली असते. ओबी म्हणतात तिला. तिच्यावर नाव, किंमत आणि थोडी स्तुती छापलेली. खरं तर घरी नेऊन टाकून द्यायची वस्तू, पण जुन्या बाजारात पट्टी असलेली सीडी आणि पट्टी गेलेली सीडी यांचा भाव वेगळा, आणि मानही वेगळा. एकदा एक पट्टी टपालात चुरगळून आली. मी म्हटलं, त्यात काय, खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. तुघलकाच्या वेळी आलेल्या कारागिरांनी हातकागदाचा उद्योग तिथं रुजवला असं सांगतात. त्यांच्याकडून झकास पट्टी करून घेऊ, शंभर वर्षं हलायची नाही. पुतणी काही बोलली नाही. तिनं ती चुरगळलेली पट्टी शब्दकोशात दाबून ठेवली आणि शब्दकोश माझ्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवला.

भाषेची अडचण आली तेव्हा मात्र माझाच उपयोग झाला. वेरूळ-अजिंठ्याला जपानी पर्यटक फार वर्षांपासून येतात, तिथल्या विकासकामांना जपाननं कर्जही दिलंय. त्यामुळं इकडं जपानी बोलणारे काही गाईड तयार झाले. त्यांतले एक निवृत्त काका माझ्या रोजच्या चहाचे सोबती. त्यांचं जपानी अस्खलित, पण लेण्यांपुरतं. 'इथं डोकं सांभाळा', 'या हत्तीची सोंड तुटलेली आहे', 'हे वरून खाली कोरत आणलं' यात त्यांना तोड नाही. पुतणीनं त्यांच्यापुढं फोन धरला. सीडीचं वर्णन त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि खास आवाजात सांगितलं, "मूळ अवस्थेत आहे. काळाच्या ओघात थोडी झीज झाली. परंतु कलाकाराचा हेतू आजही स्पष्ट जाणवतो."

"किंमत किती लिहिलीय, काका?"

"प्रवेश फी म्हणताय का? शंभर."

याच काकांमुळं वहिनींना आवडलेलं एकमेव जपानी गाणं घरात आलं. एक जुनी छोटी रेकॉर्ड आहे, १९७५ च्या डिसेंबरातली. ताइयाकी म्हणजे माशाच्या आकाराच्या साच्यात भाजलेला, आत गोड सारण भरलेला पदार्थ. असा एक ताइयाकी रोज रोज तव्यावर भाजून घ्यायला कंटाळतो आणि समुद्रात पळून जातो, असं ते गाणं. ४५ लाखांहून जास्त प्रती गेल्या. जपानमध्ये त्याहून जास्त खपाची सिंगल आजवर झाली नाही. गाणाऱ्याला मात्र एकरकमी ५०,००० येन मिळाले होते आणि खपावर हक्क नव्हता. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. सारण कशाचं, हे विचारलं. डाळ शिजवून साखर घालून वाटतात म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. "म्हणजे पुरणच की. मग पळून का जातो मेला?"

दौलताबादेत गाणं आणि हिशेब यांची गाठ फार जुनी. तेराव्या शतकात, देवगिरी असताना, सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. 'संगीतरत्नाकर' त्यानंच लिहिला, आणि आजही भारतीय संगीताच्या शास्त्रावर बोलणाऱ्याला त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. या शार्ङ्गदेवाची नोकरी होती राजाच्या हिशेबखात्यात. सोळाव्या शतकात याच किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे एकनाथ राहिले. गुरूंनी हिशेब तपासायला दिला, एका पैची चूक काही सापडेना, ती मध्यरात्री सापडली तेव्हा नाथांनी आनंदानं टाळी वाजवली, ही कथा आमच्याकडं पोरासोरांना पाठ असते. मी बँकेतून निवृत्त झालेला. तेव्हा पुतणीच्या गाण्यांचा हिशेब माझ्याकडं येणं हे स्थानमाहात्म्यच म्हणायचं.

हिशेब असा. सीडी १०० येन, म्हणजे साठ रुपयांच्या आतबाहेर. बरेच विक्रेते देशाबाहेर माल पाठवत नाहीत, म्हणून तिथला एक दलाल आपल्या वतीनं घेतो. त्याची दलाली. विक्रेत्याच्या घरापासून दलालाच्या गोदामापर्यंतचं टपाल. गोदामात चार पाकिटांचं एक पाकीट बांधायचे पैसे. मग जपान ते भारत. येनांचे रुपये करताना बँक मधे काही कापते, त्यावर मी बोलणार नाही, पेन्शन तिथूनच येते. शेवटी जकात लागलीच तर पोस्टमनदादा ती दारात रोख मागतात आणि पावती देतात. साठ रुपयांची सीडी घरात पाऊल टाकेपर्यंत हजाराच्या घरात गेलेली असते.

"एवढं पडतं तर मागवतेस कशाला?"

"काका, एक मागवली तर पडतं. म्हणून तर मी दहा मागवते. दहा एकदम मागवल्या की एक स्वस्त पडते."

नाथांना पै सापडली होती. मला या वाक्यातली चूक अजून सापडलेली नाही.

सीड्यांवर भागलं असतं तर वहिनींनी चालवून घेतलं असतं. पण बँडच्या सामानात टॉवेल येतो. एइकिची याझावा नावाचा एक रॉक गायक आहे, सत्तरी ओलांडलेला. त्याच्या कार्यक्रमात हजारो लोक आपापले टॉवेल एकदम हवेत उडवतात. ही चाल त्याच्यापासून पडली असं मानतात, आणि आज टॉवेल विकत नाही असा जपानी बँड सापडणं मुश्कील. टॉवेल म्हणजे मफलरसारखा, वीतभर रुंद आणि हातभर लांबीच्या दुप्पट. त्यावर बँडचं नाव, दौऱ्याचं साल. वहिनींनी उलटसुलट करून पाहिला. अंग पुसायला अपुरा, डोक्याला बांधायला अरुंद, पुसणं करायला महाग. सोलापूरच्या टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय हे त्यांना ठाऊक नाही, पण त्या पहिल्यापासून ते मिळाल्यासारख्याच वागतात. "या भावात सोलापूरचे सहा आले असते, भाऊजी. आणि ते पाणी टिपतात." जपानी टॉवेलनं पाणी टिपलेलं अजून कुणी पाहिलेलं नाही, कारण तो धुवायचा नाही अशी पुतणीची ताकीद आहे. धुतला की भाव उतरतो.

आमच्या भागात गळ्यात टॉवेल घातलेला माणूस म्हणजे शेतकरी, पुढारी किंवा आंघोळीला निघालेला. पुतणी तो गळ्यात घालून बसस्टॉपवर उभी राहिली तेव्हा तिघांनी चौकशी केली, आणि तिघांनी तीन वेगवेगळी. टी-शर्टाचं त्या मानानं बरं. त्याच्या पाठीवर दौऱ्याचं गावोगावचं वेळापत्रक छापलेलं असतं, पालखीच्या मुक्कामांच्या यादीसारखं. नागोया, ओसाका, हिरोशिमा, फुकुओका. आमच्या शेजारच्या आजोबांनी ते बोट ठेवून वाचलं आणि रिंगण कुठं असतं ते विचारलं. बिल्ल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. पाकीट बंद असतं, आत बँडमधला कोण निघेल ते नशीब. पुतणीला दर वेळी ड्रमवालाच निघतो. माझा संशय असा की साऱ्या जगाला ड्रमवालाच निघतो, कारण जुन्या बाजारात त्याच्याच बिल्ल्यांचे डबेच्या डबे दिसतात. गाणाऱ्याचा बिल्ला ज्याला निघाला तो काही विकायला बसत नाही.

तसं वहिनींना जपानी सामानाचं वावडं नव्हतं. १९६६ मध्ये 'लव्ह इन टोकियो' सिनेमा आला, त्यातल्या आशा पारेखसारखे दोन मणी लावलेले रबर केसांना बांधायची फॅशन आली आणि त्या रबराला नावच सिनेमाचं पडलं. वहिनींच्या शाळेच्या फोटोत दोन्ही वेण्यांना ते आहे. हा मुद्दा मी एकदा जेवताना काढला. पानात भाजी उशिरा पडली.

गाईडकाकांची आणि पुतणीची मग चांगलीच गट्टी जमली. विक्रेत्यांची ती नम्र भाषा अंगवळणी पडावी म्हणून काकांनी तिला गृहपाठ दिला की घरातली एखादी जुनी वस्तू विकायला काढल्यासारखं वर्णन लिहून आण. घरातून दिसणारी सगळ्यांत जुनी वस्तू तिनं निवडली. मराठी मसुदा मला दाखवला तो असा:

'किल्ला, नग एक. बारावं शतक. अनेक हातांतून गेलेला आहे: यादव, खलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मुघल, थोडे दिवस मराठे, मग निजाम. सध्या पुरातत्त्व खात्याकडे. वापराच्या खुणा आहेत. खंदक मूळचा. अंधारी वाट चालू स्थितीत, पण आत वटवाघळं असल्यामुळं "घरात प्राणी नाहीत" असं लिहिता येत नाही, क्षमस्व. चिनी महालाच्या निळ्या फरशा बऱ्याच निखळल्या असून संच पूर्ण नाही. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला सुलतान तानाशाह याच महालात कैदेत होता आणि इथंच वारला, हे आधी सांगितलेलं बरं. मेंढा तोफ सोबत मिळेल. वाजवून पाहिलेली नाही. भिंतींवर मागच्या गिऱ्हाइकांनी बदाम काढून नावं कोरली आहेत, मनापासून क्षमस्व. १३२७ मध्ये एका गिऱ्हाइकानं दिल्लीहून सगळं बिऱ्हाड इथं हलवलं आणि काही वर्षांनी परत नेलं. तेव्हापासून परतीची सोय बंद आहे. नाजूक गुडघ्यांच्या गिऱ्हाइकांनी कृपया खरेदी टाळावी.'

काकांनी दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण कापला, कारण सिगारेट ओढणाऱ्यांबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं आणि किल्ल्यावर ते असतात.

एवढ्या सीड्या आल्या, पण वाजवायचं कशावर? लॅपटॉपला खाच नाही, घरातला जुना प्लेअर कधीच भंगारात गेलेला. पुतणीला त्याची घाई नव्हती, तिचं समाधान पट्टीवरच झालेलं होतं. ऐकायची खाज मलाच. म्हणून एका रविवारी एक सीडी घेऊन आम्ही दोघं जाफर गेटला गेलो. चाचांनी एक डीव्हीडी प्लेअर पुढं सरकवला. या वेळी मी अनुभवानं शहाणा होऊन विचारलं, "चाचा, बंद होता क्या?"

"होता ना साब! आपके वास्ते खास बंद होनेवाला रखा."

वाजवून बघायला पुतणीनं सीडी काढली. चाचांनी ती दोन बोटांत कडेनं धरली, उन्हात तिरकी केली. धरण्याची ती पद्धत बघून पुतणी जरा निवांत झाली. चाचा बराच वेळ बघत राहिले.

"नई है?"

"पच्चीस साल पुरानी है, चाचा. जपान से मँगाई."

"पच्चीस साल में एक स्क्रैच नै?" त्यांनी मान हलवली. "तो गाना खराब होगा बेटा. अच्छा गाना घिस जाता. मेरे पास अजीज नाजाँ की कैसेट थी, घिस घिस के आवाज औरत की हो गई. वो चीज थी."

पुतणी त्यांना पटवत राहिली की तिथले लोक वस्तू जपतात, ऐकून झाली की पुसून डबीत ठेवतात. चाचांना ते पटेना. पुसून ठेवायचंच असेल तर ऐकायचं कशाला, हा त्यांचा सवाल होता. गेली कित्येक वर्षं ओरखडे लपवून पोट भरणारा तो माणूस, ओरखडा नाही म्हणून संशय घेत होता. प्लेअरचे मात्र त्यांनी शंभर रुपये कमी केले. खराब गाण्यावर पैसे घालवणाऱ्या मुलीची दया आली असावी.

प्लेअर चालला. संध्याकाळी ओट्यावर वायर ओढून लावला, तर आवाजानं शेजारचे बागवाले अण्णा आले. त्यांची पेरूची आणि सीताफळाची बाग आहे. गाण्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. ते बाजूला ठेवलेल्या तबकडीच्या चकचकीत अंगाकडं बघत होते. पेरू पिकायला लागले की पोपटांच्या झुंडी उतरतात, म्हणून अण्णांनी फांद्याफांद्यांना जुन्या सीड्या टांगल्या आहेत. शहरातला एक फोटोवाला जुन्या लग्नांच्या सीड्या फेकून देत होता, त्या त्यांनी पोत्यानं आणल्या. वारा आला की दहापंधरा वर्षांपूर्वीची सगळी लग्नं एकदम झाडांवर लखलखतात. पण ऊन खाऊन त्यांचे चांदीसारखे पापुद्रे उडायला लागलेत, आणि पोपटांना त्या लग्नांची आता भीती वाटेनाशी झालीय.

"मास्तरांच्या धाकट्यानं चौकात सांगितलं ते खरं का, बाई?" अण्णांनी पुतणीला विचारलं. "तिकडं कुणीतरी डोंगरात पाचशे पंच्याऐंशी टाकल्या म्हणे?"

"खरंय, अण्णा."

"मग त्या पडून असतील तर विचारून बघा ना कुणाला. यंदा एक पेरू धड राहिला नाही. गाडीभाडं मी देतो."

पुतणीनं त्यांना हसण्यावारी नेलं नाही. तिनं फोन काढला, जपानचं टपाल लावलं, वजन लावलं, आणि माझ्याकडं वळली. "काका, पाचशे पंच्याऐंशी एकदम मागवल्या तर एक कितीला पडेल, बघा जरा."